पायाखालचा दगड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

घरासाठी नैसर्गिक दगडाची फरशी निवडण्याविषयी आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या अंकासाठी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. पुष्कळ पत्रांचा शेवट एकाच विनंतीने होतो : 'सर्वांत चांगला दगड कोणता, तेवढे सांगा.' तसा एक दगड असता तर बाकीच्या खाणी केव्हाच बंद पडल्या असत्या. दगड कोणत्या खनिजांचा आहे, तो घरात कोठे बसणार आहे आणि त्याच्याखाली काय असणार आहे, एवढे कळले की निवडीचे बरेचसे काम होऊन जाते. हे न पाहता केलेली निवड दुकानातल्या दिव्यांच्या उजेडात होते, आणि तो उजेड काही दगडाबरोबर घरी येत नाही.

प्रश्न : फरशी पाहायला गेलो असता करड्या शिरांच्या एकाच पांढऱ्या दगडाला एका दुकानदाराने संगमरवर म्हटले, दुसऱ्याने डोलोमाइट आणि तिसऱ्याने क्वार्टझाइट. तिघेही ठामपणे बोलत होते. सामान्य माणसाने खरे काय ते कसे ओळखावे?

उत्तर : तिघांपैकी कोणी मुद्दाम खोटे बोलत असेल असे नाही. व्यापारातली दगडांची नावे आणि भूशास्त्रातली नावे यांचा मेळ फारसा बसत नाही. व्यापारात चकाकी धरणाऱ्या मऊ दगडाला सरसकट 'मार्बल' आणि टणक दगडाला 'ग्रॅनाइट' म्हणतात. 'काळा ग्रॅनाइट' म्हणून विकला जाणारा दगड बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. तोही टणकच असल्यामुळे नावाच्या या घोटाळ्याने ग्राहकाचे काही बिघडत नाही. 'हिरव्या मार्बल'चे तसे नाही. तो पुष्कळदा सर्पेंटाइन या निराळ्याच खनिजाचा असतो आणि त्याच्या काही जाती पाण्यात कालवलेल्या सिमेंटवर बसवल्या की खालून ओलावा पिऊन कडांना वर वळतात. त्या इपॉक्सीसारख्या पाणी नसलेल्या चिकट द्रव्यावरच बसवाव्या लागतात. गवंड्याला हे ठाऊक नसेल, तर दोष दगडाच्या माथी मारला जातो.

म्हणून नावापेक्षा खनिज विचारावे. संगमरवर, चुनखडक आणि ट्रॅव्हर्टाइन हे मुख्यतः कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, असतात. डोलोमाइट हे कॅल्साइटचेच मॅग्नेशियम असलेले भावंड. आपल्या ओळखीच्या शहाबादी, कोटा आणि कडप्पा या तिन्ही फरश्या चुनखडकाच्याच. त्या दिसायला खरबरीत आणि साध्या असल्यामुळे आम्लाला दाद देणार नाहीत असा समज आहे, परंतु रसायनाच्या दृष्टीने त्या संगमरवराच्याच गोत्रातल्या आहेत. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असतात. चुनखडक जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने रूपांतरित झाला की संगमरवर होतो, आणि वालुकाश्म रूपांतरित झाला की क्वार्टझाइट होतो. दोघेही पांढरे आणि शिराळ असू शकतात. घोटाळ्याचे मूळ तेथे आहे.

फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेली कठिनतेची मोजपट्टी येथे अजूनही कामाला येते. तिच्यात कॅल्साइट ३ वर, फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्झ ७ वर आहे. साधी काच आणि पोलादी सुरी साडेपाचच्या आसपास येतात. दुकानातून कापणीत उरलेला तुकडा मागून घ्यावा आणि त्याची तुटलेली, अणकुचीदार कड एखाद्या जुन्या काचेच्या बाटलीवर दाबून ओढावी. क्वार्टझाइट असेल तर काचेवर नखाला जाणवणारा चरा उमटतो. संगमरवर किंवा डोलोमाइट असेल तर नुसती पांढरी रेघ दिसते, आणि बोटाने पुसली की ती निघून जाते, कारण ती काचेवरची जखम नसून दगडाचाच भुगा असतो. त्यानंतर तुकड्याच्या चकचकीत बाजूवर लिंबाच्या रसाचा एक थेंब ठेवून १० मिनिटांनी पुसावा आणि तुकडा खिडकीपाशी तिरका धरून पाहावा. थेंबाच्या जागी चकाकी गेलेला गोल दिसला तर दगड कॅल्साइटचा आहे. डोलोमाइटवर हा परिणाम बराच मंद होतो. मात्र सुरीने खरवडून काढलेल्या त्याच्या भुकटीवर थेंब टाकला तर बारीक बुडबुडे दिसू शकतात. दोन्ही परीक्षा मिळून अर्धा तासही लागत नाही.

काळ्या दगडासाठी आणखी एक. कमी काळा दगड रंग लावून किंवा तेल चोळून गडद केलेला असू शकतो. पांढऱ्या फडक्यावर थोडे ॲसिटोन घेऊन पृष्ठभाग चोळावा. फडके काळे झाले तर काय ते समजावे.

प्रश्न : आम्हा दोघांना पांढऱ्याशुभ्र संगमरवराची फार हौस आहे. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर या दोन्ही ठिकाणी तोच घालावा असे ठरत होते, पण ज्याला विचारावे तो भीती घालतो. घरात दोन लहान मुले आहेत. हौस सोडून द्यावी का?

उत्तर : बैठकीच्या खोलीपुरती सोडू नये, स्वयंपाकघरापुरती सोडावी, असे माझे मत आहे.

संगमरवरावर दिसणारे सगळेच व्रण 'डाग' या एकाच शब्दात मोडत नाहीत. चहा, तेल, शाई यांसारखा पदार्थ दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतो तेव्हा पडतो तो डाग. तो वेळीच टिपला तर पडत नाही, पडलाच तर लेप लावून पुष्कळदा ओढून काढता येतो, आणि सीलरचा, म्हणजे दगडाची छिद्रे बंद करणाऱ्या द्रावणाचा, उपयोग होतो तो त्याच्यासाठी. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो किंवा शौचकूप धुण्याचे आम्ल सांडले की जे होते ते वेगळे असते. आम्लाशी कॅल्साइटचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पृष्ठभागाचा अगदी पातळ थर विरघळून जातो. तेवढ्या जागेचा गुळगुळीतपणा गेल्यामुळे प्रकाश तेथून सरळ परावर्तित होत नाही आणि मंद, धुरकट चट्टा दिसतो. घरातली माणसे तो डाग समजून घासत बसतात आणि घासून आणखी मोठा करतात. वास्तविक तेथे दगडावर काही बसलेले नसते, दगडातले काही गेलेले असते. सीलर या चट्ट्यापासून संरक्षण देत नाही. 'आमचा सीलर लावा आणि निश्चिंत राहा' असे सांगणारा विक्रेता याच जागी थोडे गाळून बोलत असतो.

स्वयंपाकघरात आम्ल रोज सांडणारच, म्हणून तेथे ग्रॅनाइट किंवा वरच्या परीक्षेत उतरलेला क्वार्टझाइट घालावा. दोन खोल्यांच्या सीमेवर दगड बदलायचा असेल तर दोन्ही दगडांची जाडी आणि खालच्या मालाची, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाची, जाडी आधीच जुळवून घ्यावी लागते. ते राहून गेले तर दारात ५ मिलिमीटरची ठेच तयार होते, आणि तिची आठवण घरातल्या प्रत्येकाच्या पायाचा अंगठा करून देतो.

बैठकीच्या खोलीत संगमरवराचा शत्रू धूळ आहे. बाहेरून येणाऱ्या धुळीत वाळूचे कण असतात, वाळूत क्वार्ट्झ असतो, आणि ७ कठिनतेचा कण ३ कठिनतेच्या दगडावर पायाखाली घासला गेला की काय होते ते जुन्या वास्तूंच्या पायऱ्यांवर दिसते. पायरीचा मधला भाग बशीसारखा खोलगट झालेला असतो आणि दोन्ही टोके मूळ उंचीवर शाबूत असतात. घरात इतकी झीज पाहायला कोणी उरत नाही, परंतु दारापासून सोफ्यापर्यंतची पायवाट चारपाच वर्षांत फिकी पडलेली मी पुष्कळ घरांत पाहिली आहे. दाराबाहेर खरबरीत आणि दाराच्या आत कापडी, अशी दोन पायपुसणी ठेवावीत. आतले पायपुसणे दोन पावले तरी पडतील इतके लांब असावे. खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे लावावेत.

फिनिशच्या बाबतीत एक सुचवतो. आरशासारख्या पॉलिशऐवजी होन्ड, म्हणजे घासून गुळगुळीत केलेला पण चकाकीपर्यंत न नेलेला, पृष्ठभाग घ्यावा. चट्टा चकाकीच्या अभावाने दिसतो, आणि जेथे मुळात चकाकी नाही तेथे तो फारसा उठून दिसत नाही. यानंतरही काही व्रण उमटतीलच. काही माणसांना ते घर वापरात असल्याची खूण वाटतात, काहींना पहिल्या चट्ट्याने रात्रभर झोप लागत नाही. आपण दोघे कोणत्या जातीचे आहात, हे दगड निवडण्यापूर्वी एकमेकांना मोकळेपणाने विचारून घ्यावे. मुलांना विचारण्याची गरज नाही, ती आपला निर्णय फरशीवर नोंदवतीलच.

प्रश्न : आईचे वय झाले आहे. न्हाणीघर आणि घरामागचा उघडा कट्टा येथे न घसरणारा दगड हवा आहे. कट्ट्यावर दिवसभर ऊन असते. बैठकीच्या खोलीतला उरलेला संगमरवर तेथे चालेल का?

उत्तर : न्हाणीघरात पॉलिश केलेला कोणताही दगड नको, मग तो ग्रॅनाइट असो वा संगमरवर. घसरण ठरते ती दगडाच्या जातीपेक्षा पृष्ठभागावरून आणि त्यावर साचलेल्या पाण्यावरून. विक्रेत्याकडे घसरण-चाचणीचा आकडा मागावा. लोलक-चाचणीत ओल्या पृष्ठभागाचे मूल्य ३६ किंवा अधिक आले तर घसरण्याची शक्यता कमी मानतात. जर्मन पद्धतीत आर ९ ते आर १३ अशी श्रेणी असते, पण ती बूट घालून तेलकट उतारावर केलेल्या चाचणीची आहे. न्हाणीघरासाठी अनवाणी पायांची, साबणाच्या पाण्याची वेगळी चाचणी असते आणि तिच्यात अ, ब, क अशा अर्थाचे तीन वर्ग असतात. स्नानाच्या जागेसाठी मधला वर्ग मागावा. आकडा हाती नसेल तर नमुन्यावर साबणाचे पाणी ओतून स्वतः अनवाणी उभे राहून पाहावे. दुकानदार हसला तरी चालेल.

आणखी दोन गोष्टी दगडाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे ढाळ. पाणी वाहून जाण्यासाठी दर मीटरला १० ते १२ मिलिमीटर ढाळ हवा. दुसरी म्हणजे फरशीचा आकार. स्नानाच्या जागेत लहान फरश्या घातल्या की दर्जा, म्हणजे फरश्यांमधले सांधे, जास्त येतात आणि पावलाला पकड मिळते, शिवाय चारही बाजूंनी नळीकडे ढाळ देणे गवंड्याला सोपे जाते. मोठी लादी एकाच दिशेला कलते.

कट्ट्यावर संगमरवर घालू नये. तापणे आणि निवणे यांच्या अखंड चक्रात काही संगमरवरांचे कण एकमेकांपासून सैल होतात आणि पातळ पाट्या कमानीसारख्या वाकतात. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण शिकागोतले आहे : १९७०च्या दशकात उभ्या राहिलेल्या अमोको इमारतीला बाहेरून इटलीतल्या कॅरारा येथल्या संगमरवराच्या सुमारे ४३,००० पाट्या लावल्या होत्या, त्या वाकू लागल्यामुळे १९९० ते १९९२ या काळात सगळ्या उतरवून त्यांच्या जागी ग्रॅनाइट लावावा लागला. ती भिंत होती आणि आपली फरशी आहे, हे मान्य. फरशीला खालून आधार असतो. पण उन्हाचा नियम दोघांना तोच लागू पडतो, आणि पाऊसही संगमरवराची चकाकी हळूहळू खातोच.

कट्ट्यासाठी फिकट रंगाचा फ्लेम केलेला ग्रॅनाइट घ्यावा. या पद्धतीत दगडावर ज्वालेचा झोत फिरवतात. क्वार्ट्झचे कण एकदम फुगून वरचे कण उडतात आणि खरबरीत पण टोचणार नाही असा पृष्ठभाग उरतो. काळा दगड कितीही सुंदर दिसला तरी उन्हातल्या जागी नको. दुपारी त्यावर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही, आणि वयस्क माणूस चटका बसला म्हणून पाय पटकन उचलतो तेव्हाच तोल जातो.

प्रश्न : वरच्या मजल्यावरच्या घरात जुनी फरशी न उखडता तिच्यावरच ग्रॅनाइट घालावा असे कंत्राटदार म्हणतो. यात धोका आहे का?

उत्तर : आधी वजनाचा हिशोब करावा. ग्रॅनाइटची घनता दर घनमीटरला सुमारे २,७०० किलो असते, म्हणजे २० मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटरचे वजन ५४ किलो झाले. त्याखाली सिमेंट-वाळूचा ४० मिलिमीटरचा थर घातला तर तो साधारण ८० किलोचा. दोन्ही मिळून चौरस मीटरला १३४ किलो. आपली खोली चार मीटर बाय पाच मीटरची असेल तर २,७०० किलोंहून थोडा कमी भार कायमचा वाढणार, आणि जुनी फरशी व तिच्याखालचा माल हे आधीच तेथे बसलेले आहेत. घराची स्लॅब हे सहन करील की नाही, हे कंत्राटदाराने किंवा मी सांगण्याची गोष्ट नाही. संरचना अभियंत्याकडून लेखी मत घ्यावे.

भार पेलला म्हणजे झाले असेही नाही. स्लॅब किंवा लाकडी तक्तपोशी भाराखाली किंचित लवते आणि दगडाला लवणे माहीत नसते. दगडी फरशीसाठी ही लवण गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, लांबीच्या एकसातशेविसांश भागापेक्षा जास्त नसावी, असा प्रचलित दंडक आहे. ३.६ मीटरच्या गाळ्यात ती ५ मिलिमीटर होते. सिरॅमिक टाइलला याच्या दुप्पट लवण चालते. टाइल शाबूत राहिली त्याच जागी दगडाला चीर का गेली, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

जुन्या फरशीवरच घालायचे असेल तर भार कमी करण्यासाठी सिमेंटच्या जाड थराऐवजी काही मिलिमीटर जाडीचे चिकट द्रव्य वापरता येते. मात्र जुनी प्रत्येक लादी नाण्याने ठोकून पाहावी. पोकळ वाजणाऱ्या लाद्या काढून तेथे भरणी करावी, आणि जुन्या पृष्ठभागाची चकाकी घासून मोडावी. दारांची उंची, उंबरठे आणि न्हाणीघराकडची पातळी यांचा विचार हिशोबाच्या पहिल्याच दिवशी व्हावा. नाहीतर शेवटच्या दिवशी सगळी दारे खालून कापत बसावे लागते.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी फिक्या रंगाची दगडी फरशी बसवली. आता काही लाद्यांच्या मध्यभागी काळपट ठिपके दिसतात, दर्जांच्या कडेला पांढरी पूड येते आणि दोन लाद्या ठोकल्यावर पोकळ वाजतात. विक्रेता म्हणतो, सीलर लावा. लावावा का?

उत्तर : आताच लावू नये. आपल्या पत्रातल्या तिन्ही तक्रारी दगडाच्या खालून आलेल्या आहेत, आणि त्यांच्यावर वरून झाकण घालून काही साधत नाही.

लादीच्या मध्यभागी ठरावीक अंतराने ठिपके दिसत असतील तर लादी बसवताना खाली सर्वत्र माल न पसरता पाच ठिकाणी गोळे ठेवून ती दाबली असावी. काम झटपट होते, पातळीही पटकन साधते. परंतु गोळ्यांच्या जागी ओलावा वेगळा राहतो आणि फिक्या दगडातून त्या गोळ्यांची सावली वर उमटते. गोळ्यांमधली जागा पोकळ राहते, म्हणून लादी ठोकल्यावर बोदा आवाज येतो. अशा पोकळीवर कपाटाचा पाय आला तर लादी फुटणारच. दोन पोकळ लाद्या उचलून पाहाव्यात. खाली काय आहे ते दिसले की बाकीच्या लाद्यांविषयी तर्क करावा लागणार नाही. खाली गोळेच निघाले तर दोष बसवणाऱ्याचा आहे, आणि त्याने तो भरून द्यावा. पांढऱ्या किंवा अर्धपारदर्शक दगडाखाली करड्या सिमेंटऐवजी पांढरे सिमेंट वापरले होते का, हेही तेव्हाच कळेल.

पांढरी पूड म्हणजे क्षार. मालातले पाणी वर येताना सिमेंटमधले किंवा वाळूतले विद्राव्य क्षार घेऊन येते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. ही पूड पाण्याने पुसू नये, कारण ती विरघळून पुन्हा दगडात शिरते. कोरड्या ब्रशने झाडून व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. आम्ल लावून ती घालवण्याचा सल्ला कोणी दिल्यास, आणि दगड चुनखडकाचा असल्यास, तो सल्ला ऐकू नये. मालातलेच पाणी असेल तर काही महिन्यांत पूड कमी होत जाते. कमी होत नसेल, किंवा पावसाळी दिवसांत वाढत असेल, तर पाणी जमिनीतून किंवा गळक्या नळातून येत आहे. तळमजल्यावर फरशीखाली ओलावारोधक पडदा घातला नसेल तर जमिनीतला ओलावा केशाकर्षणाने येतच राहतो.

सीलरची घाई यासाठी करू नये की ओला दगड बंद केला तर आतले क्षार वर येण्याऐवजी पृष्ठभागाच्या किंचित खाली स्फटिक होऊन बसतात आणि फुगताना दगडाची वरची पापुद्री उडवतात. पूड झाडता येते, पापुद्री परत बसवता येत नाही.

काळपट डागांऐवजी पिवळे-तांबूस डाग दिसत असते तर मी दगडातल्या लोहखनिजाचा संशय घेतला असता. काही पांढऱ्या संगमरवरांत पायराइटचे बारीक कण असतात. ओल मिळाली की ते गंजतात. गंज काढणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते, आणि ते ग्रॅनाइटलाही खाते. बाटलीवरची घटकांची यादी वाचल्याशिवाय काहीही ओतू नये.

प्रश्न : ग्रॅनाइटमधून किरणोत्सारी वायू निघतो असे वाचले. घरात घालावा का?

उत्तर : ग्रॅनाइटमध्ये युरेनियमचे अत्यल्प अंश असतात आणि त्यातून थोडा रेडॉन सुटू शकतो, हे खरे आहे. पण घरातल्या रेडॉनचा मुख्य स्रोत घराखालची जमीन असते. फरशीच्या ग्रॅनाइटची भर त्यापुढे सहसा नगण्य ठरते. शंका असल्यास खोलीतल्या हवेची चाचणी करून घ्यावी. दगड बदलण्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवणे जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : नमुन्याचा तुकडा पाहून दगड पसंत केला आहे. प्रत्यक्ष माल उचलताना काय पाहावे?

उत्तर : तळहाताएवढा नमुना फक्त दगडाची जात सांगतो, खोली कशी दिसेल ते सांगत नाही. पसंती प्रत्यक्ष स्लॅबवर, म्हणजे ठोकळ्यातून कापलेल्या दगडाच्या अखंड पाटीवर, दिवसाच्या उजेडात करावी. सगळ्या स्लॅब एकाच ठोकळ्यातून कापलेल्या आहेत का, ते विचारावे आणि त्यांच्यावरचे क्रमांक स्वतः वहीत उतरवून घ्यावेत. लागोपाठच्या दोन स्लॅब पुस्तकाच्या पानांसारख्या उघडून ठेवल्या तर शिरा एकमेकींना मिळतात. क्रमांक चुकले की हे जमत नाही.

मनाला लागलेली एक चूक सांगतो. उमेदवारीच्या काळात माझ्या देखरेखीखालच्या एका घरात शिराळ संगमरवर आला. क्रमांक खडूने लिहिलेले होते आणि वाटेत पावसाने पुसले गेले. मी ते हसण्यावारी नेले. कारागिरांनी रचलेल्या चळतीतून वरची लादी उचलायची आणि बसवायची, असे करत संध्याकाळपर्यंत निम्मी खोली उरकली. दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाई आल्या, दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "शिरा आडव्या चालल्या होत्या ना, मग या मधल्या चार उभ्या कशा?" मला उत्तर देता आले नाही. त्या चार लाद्या काढताना आणखी दोन फुटल्या. तेव्हापासून माल न लावता सगळ्या लाद्या आधी कोरड्या मांडून, जिन्यावर किंवा स्टुलावर चढून वरून पाहिल्याशिवाय मी पहिला थापीभर मालही पडू देत नाही.

चिरा पाहण्यासाठी स्लॅबवर पाणी ओतावे आणि ती वाळताना पाहत उभे राहावे. शिरा आणि चीर कोरड्या दगडावर सारख्याच दिसतात. ओला दगड वाळू लागला की बाकीचा पृष्ठभाग फिका होतो आणि चिरेतले पाणी मात्र शेवटपर्यंत काळी रेघ होऊन रेंगाळते. नखाने तपासले तर चीर अडते, शीर अडत नाही. राळ भरून बुजवलेली चीर चकाकीतल्या फरकाने ओळखू येते. राळ भरणे ही फसवणूक नाही. पुष्कळ शिराळ संगमरवर आणि भोकाभोकांचा ट्रॅव्हर्टाइन त्याशिवाय वापरताच येणार नाही. पण ते सांगून विकायला हवे. मागच्या बाजूला जाळी चिकटवली असेल तर सिमेंट तिच्यावर नीट धरत नाही. जाळीला चालणारे चिकट द्रव्य कोणते, ते विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

जाडी चारही कोपऱ्यांवर मोजावी. मोजमापापेक्षा किमान १० टक्के माल जास्त घ्यावा, शिरा जुळवायच्या असल्यास आणखी. उरलेल्या चारदोन लाद्या टाकून देऊ नयेत, कारण त्याच ठोकळ्याचा दगड पुन्हा मिळत नाही. लाद्या एकमेकींना अगदी भिडवून बसवण्याचा आग्रहही धरू नये. दीड ते दोन मिलिमीटरची दर्ज आणि भिंतीलगत स्कर्टिंगखाली लपणारी मोकळी फट ठेवली नाही, तर उष्णतेने फुगलेल्या दगडाला जायला जागा उरत नाही आणि कडांचे टवके उडतात.

प्रश्न : सीलर किती वर्षांनी लावावा, आणि रोज फरशी कशाने पुसावी?

उत्तर : रोज आधी कोरडे झाडून घ्यावे, म्हणजे वाळू ओल्या फडक्याखाली फिरणार नाही, आणि मग साधे पाणी किंवा आम्ल व अल्कली दोन्ही नसलेला उदासीन साबण वापरावा. सीलरला वर्षांचे गणित लावता येत नाही. दाट काळ्या दगडाला तो पुष्कळदा लागतच नाही, सच्छिद्र वालुकाश्माला लवकर लागतो, आणि एकाच खोलीत दारापाशी तो आधी झिजतो आणि पलंगाखाली वर्षानुवर्षे टिकतो. रहदारीच्या जागी पाण्याचा मोठा थेंब ठेवावा आणि १५ मिनिटांनी पुसावा. खाली काळपट ठसा दिसला तर दगड पाणी पीत आहे, सीलर लावण्याची वेळ झाली. ठसा दिसला नाही तर लावू नये. दगडाने न शोषलेला सीलर वरच वाळून धूसर, चिकट थर धरतो, आणि तो काढण्याचे काम डाग काढण्याहून जास्त कष्टाचे असते.